सरडीची अंडी आणि भट्टीची वाळू

लेकीची सरडी पिंजऱ्यात कधी खाली उतरत नसे. वरच्या फांदीवर, बल्बच्या उबेला, एक पाय अधांतरी उचलून ती तासन्‌तास बसायची. त्या दिवशी मी मागची खोली झाडायला गेले तर ती पिंजऱ्याच्या तळाला होती. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायची, जाळीला नखं लावायची, परत फिरायची. नेहमी हिरवीगार असायची ती काळपट पडली होती आणि अंगभर पिवळे-निळे ठिपके उठले होते. मी केरसुणी टेकवून तिथंच उभी राहिले. भाकरी करायच्या होत्या, ह्यांचा डबा भरायचा होता, पण पाय निघेना.

हा आपल्या कुंपणावरचा सरडा नव्हे. रंग बदलतो तो, लेक त्याला शॅमेलिऑन म्हणते. आमच्या हुबळीत कन्नडमध्ये त्याला गोसुंबे म्हणतात आणि गोसुंबेचं नाव काढलं तरी इकडची माणसं लांब सरकतात. चावली तर विष चढतं, घरात आली तर भरलं घर बसतं, असं मीही लहानपणापासून ऐकलेलं. लेक कोप्पीकर रोडवरच्या एका ऑफिसात कामाला होती तेव्हा तिच्या मैत्रिणीकडे ही होती. मैत्रीण लग्न होऊन परदेशी गेली आणि सरडी पिंजऱ्यासकट आमच्या नवनगरच्या घरात आली. आपल्या रानातली पकडून ठेवली तर गुन्हा आहे, ही बाहेरच्या देशातली, हिचे रीतसर कागद आहेत, असं लेकीनं सांगितलं म्हणून हे गप्प बसले. पुढे लेकीला बेंगळुरूला चांगली नोकरी लागली. तिथल्या हॉस्टेलवर असलं काही चालत नाही. जाताना ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, हिला तूच बघायचंस. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

सुरुवातीला मी चिमट्यानं रातकिडा धरून हात लांब करून द्यायची आणि जीभ सुटली की डोळे मिटून घ्यायची. मग सवय झाली. मला माणसांशी बोलायचं म्हटलं की संकट वाटतं. दुकानात गेले तरी बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत मी मागं उभी राहते. हिच्यासमोर तसं होत नसे. तिचा एक डोळा माझ्याकडे असायचा, दुसरा खिडकीकडे. तिला माझ्याकडून काही ऐकायचं नव्हतं. दुपारी मी तिच्या पानांवर पाणी फवारायची आणि ती थेंब चाटेपर्यंत शेजारी बसून राहायची. दिवसातला तेवढाच वेळ मला कुणी हाक मारत नसे.

त्या दिवशी तिला खाली फिरताना बघून मी सासूबाईंना बोलावलं. त्यांना आम्ही सगळे अत्ती म्हणतो. अत्ती कंबरेवर हात ठेवून पिंजऱ्याशी वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही पोटुशी आहे."

"अत्ती, एकटी तर आहे ती. नर कुठाय?"

"ते मला काय विचारतीस? तिला विचार. मी सात जणींची बाळंतपणं काढलीत. पोट बघ की, कुशीला कशी टेंगळं आलीत."

खरंच कुशी दोन्ही बाजूंनी फुगल्या होत्या, पिशवीत बोरं भरावीत तशा. मी लेकीला फोन लावला. ती ऑफिसात होती, हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते तसंच हिचं असतं, अंडी पोकळ असतात पण घालावी लागतातच. घातली नाहीत तर आत अडकतात आणि जीव जातो. हे शेवटचं तिनं फार चटकन सांगून टाकलं. मग जेवणाच्या सुट्टीत तिनं आवाजी निरोप पाठवला. मोठी बादली घ्यायची, ती वाळूनं भरायची, वाळू ओली हवी, बादली पिंजऱ्यात ठेवायची, वर कापड टाकायचं आणि तिच्याकडे बघायचं नाही. मी तो निरोप चार-पाचदा ऐकला. बादली आणि वाळू हे मला समजलं. बाकीचं ऐकलं, पण माझ्या मनात ते बसलं नाही.

वाळूची आमच्या घरात कमतरता नाही. जुन्या हुबळीत आमची चुरमुऱ्यांची भट्टी आहे. लग्न झाल्यापासून मी तिथं काम केलंय, आता हे जातात आणि मी गरजेला. मोठ्या कढईत वाळू तापवायची, तीत तांदूळ टाकायचा, तो फुलला की चाळणीवर घ्यायचा. चुरमुरे वर राहतात, वाळू खाली कढईत पडते. सगळा खेळ वाळूचा. ती बारीक हवी, स्वच्छ हवी आणि खडखडीत कोरडी हवी. ओल राहिली तर वाळू दाण्याला चिकटते, दाणा फुलत नाही, करपतो. पावसाळ्यात भट्टीवरचं निम्मं काम वाळू सुकवण्याचं. पोत्याला जराशी ओल लागली तरी घरात भांडण होतं.

हे संध्याकाळी येताना नवी, धुऊन वाळवलेली वाळू घेऊन आले. "गिऱ्हाइकाला सुद्धा असला माल देत नाही मी," म्हणाले. मी बादलीत ओतली. पिठासारखी सरसरत गेली. मग लेकीनं सांगितल्याप्रमाणे तांब्यातून पाणी शिंपडायला लागले तर अत्तींनी मनगट धरलं.

"काय करतीयास?"

"ती म्हणाली ओली पाहिजे."

"तिचं लग्न झालंय का? तिला काय ठाऊक? दिवस भरलेल्या बाईला ओल्यावर झोपवतात होय? बाहेर बघ की कसला गारठा सुटलाय."

आषाढ होता. आमच्याकडचा आषाढ म्हणजे दिवसभर झिमझिम आणि बोचरं वारं, कपडे आठवडाभर दोरीवर. माझी आई लवकर गेलेली, म्हणून माझं बाळंतपण अत्तींनीच केलं होतं. खाटेखाली शेगडी, कानाला फडकं, दाराच्या फटीला पोतं. जमिनीवर चार थेंब सांडले तरी त्या स्वतः वाकून पुसायच्या आणि मग माझा पाय खाली टेकू द्यायच्या. मला तेवढं कुणीच जपलेलं नाही, ना आधी ना नंतर. त्यामुळे त्यांनी मनगट धरल्यावर मला ते पटलंच. ओली वाळू म्हणजे लेकीला थोडी गार वाळू म्हणायचं असेल, तिकडं बेंगळुरूत बसून तिला इथला गारठा काय कळणार, असं मी मनाशी जुळवून घेतलं. तांब्या ठेवून दिला. शिंपडलेली वाळू वरून काढून टाकली आणि तव्यावर कोमट केलेली वाळू तिथं घातली. अत्तींनी हात घालून बघितलं आणि समाधानानं मान हलवली.

सरडी बादलीत उतरली. मला इतकं बरं वाटलं. पुढच्या पायांनी ती वाळू मागं ढकलू लागली, खड्डा होऊ लागला, आणि तेवढ्यात कडेची वाळू घसरून तिच्या डोक्यावर आली. ती थांबली. अंग झटकलं. पुन्हा खणायला लागली. पुन्हा वाळू आली. एका कडेला जमलं नाही तर दुसऱ्या कडेला. मग बादलीतून बाहेर येऊन जाळीवर चढली, थोड्या वेळानं परत उतरली. मी दाराशी बसून बघत होते. बघायचं नाही असं सांगितलं होतं, पण घरात एखादी बाई कळा देत असेल तर तिला एकटी टाकून कोण जातं? मला तेच वाटत होतं.

आणि मी एकटीच बघत होते असं नाही. शेजारच्या अक्कांना अत्तींनी सांगितलं, अक्कांनी गल्लीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत बायका दाटीनं उभ्या होत्या.

"नवऱ्याशिवाय पोटुशी," अक्का पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "फार पुढं गेलंय की जग."

"कोंबडी नाही का देत," अत्ती म्हणाल्या. कालच ऐकलेलं त्या असं सांगत होत्या की जणू जन्मापासून ठाऊक होतं.

"मग कुबुस कधी करताय? आम्हाला बोलवा हं. हिरवी चोळी हिला शोभंल, रंग बदलायचीसुद्धा गरज नाही."

कुबुस म्हणजे पोटुशीला खण-चोळी करून सगळ्यांना जेवायला घालतात ते. सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. मग अक्का माझ्याकडे वळून सहज म्हणाल्या, "तुझी लेकपण एकटीच असती न्हवं बेंगळुरात?" मी वाकून पिंजऱ्याखालचा केर गोळा करायला लागले. अत्तींनी मात्र सोडलं नाही. "असती की. स्वतःच्या पगारात असती. तुझा ल्योक काय करतोय सध्या?" अक्कांचा मुलगा कित्येक महिने घरी बसून होता. बायका पांगल्या.

सरडी त्या सगळ्या वेळात कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. काळीठिक्कर झाली होती.

त्यानंतर तिनं खणणं सोडलं. रातकिडा समोर धरला तरी जीभ काढेना. मी धड एका कामाला बसू शकत नव्हते. तांदूळ निवडायला घ्यायची आणि सूप तसंच ठेवून खोलीत जायची. कणीक मळता मळता पिठाच्या हातानं जाऊन दार लोटून बघायची. ह्यांचा डबा एक दिवस भाजीशिवायच गेला. संध्याकाळी हे म्हणाले, "नुसत्या भाकरीला भाजी समजून खाल्ली. बरी होती." मला हसूही आलं नाही. लेकीचा फोन आला की मी अत्तींच्या हातात द्यायची. त्या सांगायच्या, सगळं व्यवस्थित आहे, तू तुझं काम कर. मला वाटायचं, व्यवस्थित नाही, हे सांगावं. पण काय बिघडलंय ते मलाच ठाऊक नव्हतं, मग सांगणार काय.

एका सकाळी मी खोलीत गेले तेव्हा ती तळाशी पडली होती. डोळे मिटलेले, भर उजेडात. सरडे दिवसा डोळे मिटत नाहीत एवढं मला एव्हाना कळत होतं. उचलून फांदीवर ठेवली तर मागचा पाय सुटून लोंबकळला. मी लेकीला फोन लावला आणि या वेळी अत्तींकडे दिला नाही. "दिवसा झोपलीय," एवढंच म्हणाले. लेकीला तेवढ्यावरून कळलं. मग तिनं धारवाडमधल्या एका प्राण्यांच्या डॉक्टरांचा पत्ता पाठवला. म्हणाली, "मी शनिवारशिवाय निघू शकत नाही. आई, आज जा. बाबांची वाट बघू नकोस."

हे भट्टीवर गेलेले. मी कधी एकटी डॉक्टरकडे गेले नव्हते, स्वतःसाठीसुद्धा. अत्ती निघाल्या बरोबर. चपलांच्या खोक्याला भोकं पाडून, आत जुनं मऊ फडकं घालून तिला ठेवलं आणि आम्ही बसस्टॉपवर गेलो. बसमध्ये खोकं मांडीवर होतं. शेजारच्या मुलीनं विचारलं, आत काय आहे. अत्ती म्हणाल्या, "चपला." मी भोकाला बोट लावून बसले होते. आत काही हलतं का ते बघत होते. स्टॉपमागून स्टॉप जात होते आणि मला बस फार हळू चालल्यासारखी वाटत होती.

दवाखान्यात कुत्री होती, एक शेळी होती. डॉक्टर बाई होत्या, माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. खोकं उघडल्यावर त्यांनी हात मागं घेतला नाही. त्यांनी कन्नडमध्ये एकेक विचारायला सुरुवात केली आणि मी तोंड उघडायच्या आत अत्ती सांगू लागल्या.

"डॉक्टर, आम्ही काही कमी केलं नाही. बादली दिली, वाळू दिली. वाळूसुद्धा आमच्या भट्टीची, तव्यावर शेकलेली. ओल अजिबात लागू दिली नाही. घरच्या बाळंतिणीसारखी ठेवलीय हिला. कुणी ना कुणी सतत शेजारी आहेच."

डॉक्टर लिहीत होत्या त्या थांबल्या. आधी अत्तींकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"वाळू कोरडी होती?"

"खडखडीत," अत्ती म्हणाल्या.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी खिडकीतल्या कुंडीतली माती मुठीत घेतली, दाबली आणि तळवा उघडून मला दाखवली. मातीचा लाडू झाला होता. "अशी पाहिजे. ही बीळ खणते, आत शिरते, तिथं तळाला अंडी घालते आणि वरून बुजवते. कोरड्या वाळूत बीळ उभं राहतच नाही. ती खणत राहिली असेल आणि वाळू तिच्या अंगावर येत राहिली असेल. आणि कुणी बघतंय असं वाटलं की ती खणायची थांबते. आपल्याला शत्रूनं बघितलं असं तिला वाटतं."

तिच्या डोक्यावर घसरून आलेली वाळू माझ्या डोळ्यांपुढं आली. मी ते सगळं बघितलं होतं. वाळू कोरडी असली की ढीग बसतो, भिंत उभी राहत नाही, हे भट्टीवर मी रोज बघत आले आहे. तरी मला ते तिथं दिसलं नव्हतं. ओल म्हणजे वाईट, इतकंच हाताला ठाऊक होतं.

मग डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढला. काळ्या काचेवर पोटभर गोल गोल, एकाला एक चिकटून, द्राक्षांचा घड दाबून बसवावा तसे. अत्ती हळूच म्हणाल्या, "आई गं. एवढी?" डॉक्टरांनी विचारलं, खायला रोज देता का? लेक एक दिवसाआड दे म्हणाली होती, पण उपाशी कशी ठेवायची म्हणून कितीतरी महिने अत्ती आणि मी दोघी रोज देत होतो. एकमेकींना न सांगता सुद्धा. डॉक्टर म्हणाल्या, जेवढं जास्त खाणं तेवढी जास्त अंडी.

मग त्यांनी बेंगळुरूला कुणा मोठ्या डॉक्टरांना फोन केला, बराच वेळ बोलल्या. कॅल्शियमचं औषध तोंडात घातलं, सुईनं पाणी दिलं. आणि मला समोर बसवून सांगितलं. "अंडी अडकली असतील तर ऑपरेशन करावं लागेल. मी कुत्र्या-मांजरांची करते. हिच्यासारख्या प्राण्याचं मी केलेलं नाही, बेंगळुरूच्या सरांना विचारून विचारून करेन. वाचेल असं सांगत नाही. दुसरं म्हणजे आज घरी न्या, बरोबर वाळू द्या, एकटी सोडा. उद्या संध्याकाळपर्यंत घातली नाहीत तर घेऊन या. पण ताकद संपत आली असेल तर तो एक दिवससुद्धा जास्त होईल. काय करायचं ते तुम्ही सांगा."

"ठेवून जाऊ," अत्ती माझ्या कानाशी म्हणाल्या. "डॉक्टर आहेत. आपण आणखी काही बिघडवायला नको."

मी लेकीला फोन लावून डॉक्टरांच्या हातात दिला. त्या बोलल्या, मग फोन माझ्याकडे परत आला. लेक रडत होती. "आई, मला इथून काय कळणार? तू समोर आहेस. तूच सांग. पायाला पकड आहे का बघ."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला कुणी असं बघितलेलं सोसत नाही, कान तापतात. मी मान खाली घालून खोक्यात बोट घातलं आणि तिच्या पुढच्या पायाखाली धरलं. ती हलली नाही. मी तशीच राहिले. मग हळूहळू, चिमटा मिटावा तसा, तिचा पंजा माझ्या बोटावर मिटला. नखं लागली.

"पकड आहे," मी म्हणाले. आणि मग डॉक्टरांना, त्यांच्याकडे न बघता, "घरी नेते."

बसमध्ये अत्ती माझ्याशी बोलल्या नाहीत. नवनगरला उतरताना एवढंच म्हणाल्या, "काही झालं तर लेकीला तोंड तुला द्यायचंय." मलाही तेच वाटत होतं.

घरी आल्या आल्या मी बादली परातीत पालथी केली आणि वाळूत पाणी ओतलं. हात मागं येत होता. इतकी वर्षं मी वाळूतलं पाणी घालवत आले, कधी घातलं नव्हतं. मूठ दाबून बघायची, लाडू फुटायचा, अजून थोडं पाणी. एकदा जास्त झालं, गळायला लागलं, मग कोरडी मिसळली. जमल्यावर बादलीत दाबून दाबून भरली आणि बोटानं मधोमध भोक पाडून बघितलं. भोक तसंच राहिलं. हे तेवढ्यात आले. दारातच थांबले.

"ती वाळू गेली की."

"गेली."

"बरं," म्हणाले, आणि हात-पाय धुवायला गेले.

पिंजऱ्याभोवती मी माझं जुनं लुगडं गुंडाळलं, बल्बापुरती वर फट ठेवली. तिला बादलीशेजारी सोडलं आणि दार ओढून घेतलं. संध्याकाळी पानांवर पाणी मारायला गेले ते लुगड्याच्या फटीतून नळी घालून, आत न बघता.

दुसरा दिवस तर संपेना. दाराकडे मी जाणार हे मला ठाऊक होतं, म्हणून सकाळची कामं उरकून मी दाराला पाठ लावून, तांदळाचं सूप घेऊन बसले. पाठ लावली की वळता येत नाही. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होते. आत काही आवाज आला की सूप थांबायचं. कधी तो आवाज बाहेरच्या पावसाचा असायचा. एकदा वाटलं, खरवडतेय. मग काही नाही. मनात यायचं, आत मेलेली असली तर? मी इथं बसून मेलेलीला राखतेय. उठायला गुडघा वर करायची आणि तो पंजा आठवून परत खाली बसायची.

दुपारी अक्का आल्या, बरोबर त्यांची नणंद, बेळगावहून आलेली. "हिला दाखवायचीय तुमची बाळंतीण."

मला नाही म्हणता आलं नाही. मी फक्त उठले नाही. सूप पाखडत राहिले. अक्कांना वाटलं, मी सरकेन. मी सरकले नाही.

"अगं, बाजूला हो की. दोन मिनिटं बघून जाते ती."

स्वयंपाकघरातून अत्ती आल्या. कालपासून माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, आता मला उठवतील.

"बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचं माणूस जातं होय गं?" त्या अक्कांना म्हणाल्या. "तुझ्या घरात जातं? चला, पुढं बसा. चहा टाकते."

"सरडीचं काय एवढं सोवळं?"

"तुला चहा पाहिजे का नको?"

त्या पुढं गेल्या. अत्तींनी मला आणून दिलेला चहा तसाच गार झाला.

पाऊस थांबला तेव्हा घरात एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत मला नीट ऐकू आलं. खरवडणं नव्हे, थापटणं. हलकं, थांबून थांबून, ओल्या मातीवर कुणी तळवा मारावा तसं. मी सूप खाली ठेवलं. ते बराच वेळ चाललं. अत्ती दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, त्यांनी डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली, हो की नाही ते मलाच कळलं नाही.

दिवेलागणीला डॉक्टरांकडे निघायची वेळ झाली. आता बघावंच लागणार होतं. मी लुगड्याची एक बाजू उचलली. बादलीतली वाळू सपाट होती, मी दाबली होती त्याहून सपाट. भोक नाही, खड्डा नाही. ती वरच्या फांदीवर होती. कशी चढली कोण जाणे. डोक्यावरच्या तुऱ्याला, नाकाला, पोटाखाली ओली वाळू चिकटलेली. कुशी आत गेल्या होत्या आणि कातडी सैल लोंबत होती, मोठ्या माणसाचा सदरा लहान मुलाला घालावा तशी. डोळे उघडे होते. एक माझ्याकडे वळला. मी पानांवर पाणी मारलं तर ती प्यायली, आणि पीतच राहिली. मी मारत राहिले, बाटली संपली, तरी तिचं तोंड पानालाच.

मी खाली बसले. अत्ती मागून म्हणाल्या, "झालं?"

"झालं."

त्यांनी हात जोडले. कुणाला जोडले ते विचारलं नाही.

तरी डॉक्टरांकडे गेलोच. एक अंडं आत राहिलं होतं, ते औषधानं पुढं काही दिवसांनी फांदीवरूनच खाली पडलं. शनिवारी लेक आली तेव्हा आम्ही बादली उकरली. अगदी तळाशी, कडेला धरून, मोगऱ्याच्या कळ्यांसारखी पांढरी अंडी एका ठिकाणी रचलेली होती. लेक म्हणाली, यातून काही निघणार नाही, टाकून दे. अत्तींनी ती कचऱ्यात टाकू दिली नाहीत. परसात खड्डा करून पुरली. "पोकळ असली म्हणून काय झालं, एवढं खणून घातलीत तिनं," म्हणाल्या. लेक त्यांना वाळूवरून काही बोलेल याची मला भीती वाटत होती. ती बोलली नाही. अत्तींच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली फक्त.

हे सगळं मागच्या खेपेचं. डॉक्टर म्हणाल्या होत्या की काही महिन्यांनी पुन्हा होईल, खाणं आवरलं तर कमी अंडी होतील. खाण्यावरून अत्तींची नि माझी अजून कुरबुर होते, त्या एखादा रातकिडा गुपचूप देतातच. आज सकाळी ती पुन्हा खाली उतरली. अंगावर ठिपके आलेत. कुशी फुगलेल्या बघून वाळू काल रात्रीच भिजवून ठेवली होती, मूठ दाबून बघितली, बादली ठेवली, लुगडं बांधलं, दार ओढलं. आता मला काही करायचं नाही आणि तेच मला जमत नाही. घरातले सगळे तांदूळ निवडून झालेत. म्हणून लेकीच्या जुन्या वहीची कोरी पानं घेऊन दाराला पाठ लावून बसलेय. अक्षर वाकडं येतंय, वही गुडघ्यावर आहे. आतून अजून काही आवाज नाही. अत्ती मघाशी येऊन विचारून गेल्या, उठून बघू का. मी म्हणाले, बसा तुम्हीपण इथं. त्या बसल्या.